पाटीवरचे नाव आणि वीस आठवडे

गोंदियात कॉलेजचा पत्ता विचारला की उत्तर आद्याक्षरांत मिळते. 'डी. बी.च्या पुढे', 'एन. एम. डी.च्या अलीकडे'. डी. बी. म्हणजे धोटे बंधू आणि एन. एम. डी. म्हणजे नटवरलाल माणिकलाल दलाल, हे तिथे शिकणाऱ्यांनाही जरा आठवून सांगावे लागते. तिरोड्याला सी. जे. पटेल, तुमसरला एस. एन. मोर, भंडाऱ्याला जे. एम. पटेल. वैनगंगेच्या या खोऱ्यातला उच्च शिक्षणाचा नकाशा असा माणसांच्या नावांनी भरलेला आहे. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले, पण ते इथून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर. धानाच्या बांधीतून उठून तिथे जाऊन राहणे किती घरांना परवडणार? ते विद्यापीठ तालुक्याच्या गावापर्यंत आणायला कोणीतरी पदरचे पैसे घालावे लागले, आणि ज्यांनी घातले किंवा ज्यांच्या स्मरणार्थ घातले, त्यांची नावे पाट्यांवर लागली.

या नावांत एक कॉलेज जरा वेगळ्या जातीचे आहे. पुंजाभाई पटेल कॉलेज ऑफ एज्युकेशन, म्हणजे गोंदिया शिक्षण संस्थेचे, नागपूर विद्यापीठाशी संलग्न असलेले बी.एड. कॉलेज. इंजिनिअरिंग किंवा फार्मसीच्या कॉलेजातून बाहेर पडलेला एखादा मुलगा पुढे कारखाना काढतो, परदेशी जातो आणि पंचवीस वर्षांनी येऊन प्रयोगशाळा बांधून देतो. बी.एड. कॉलेजातून बाहेर पडतो तो मास्तर. त्याचा पगार ठरलेला, नाहीतर तासिकेवर मोजलेला. जे कॉलेज शिक्षक घडवते त्याला श्रीमंत माजी विद्यार्थी कधीच मिळत नाहीत. मग अशा कॉलेजला द्यायचे कोणी, आणि द्यायचे ते नेमके कशासाठी? पुंजाभाई पटेल कॉलेजचे निमित्त असले तरी हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक बी.एड. कॉलेजचा आहे.

बिडीचा पैसा

गोंदिया शिक्षण संस्था १९५८ सालची. संस्थापक मनोहरभाई पटेल. ९ फेब्रुवारी १९०६ चा जन्म, मूळ गुजरातचे, नडियादकडचे. स्वतःचे शालेय शिक्षण जेमतेम, पण बिडीच्या धंद्यात जम बसवला, नगराध्यक्ष झाले, आमदार झाले आणि १९७० साली गेले. एका दिवसात बावीस हायस्कुले उघडली, ही त्यांची गोष्ट जिल्ह्यात अजून सांगितली जाते. आकड्याची शहानिशा बाजूला ठेवली तरी अशी गोष्ट लोकांना खरी वाटावी एवढे काम त्यांनी केले होते, हे नक्की. दर वर्षी ९ फेब्रुवारीला गोंदियात त्यांच्या जयंतीचा सोहळा होतो, मोठमोठे पाहुणे येतात आणि गुणवंत विद्यार्थ्यांना सुवर्णपदके दिली जातात. माजी केंद्रीय मंत्री प्रफुल्ल पटेल हे त्यांचे चिरंजीव.

बिडीचा पैसा म्हणजे काय, हे मात्र कारखान्याच्या फाटकापाशी उभे राहून कळत नाही. त्यासाठी एखाद्या घराच्या ओसरीवर बसावे लागते. मांडीवर सूप. सुपात भिजवून मापाने कापलेली तेंदूची पाने, एका कोपऱ्यात तंबाखू, दुसऱ्या कोपऱ्यात दोरा. पान उचलायचे, चिमूटभर तंबाखू पसरायचा, वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा. पंचवीस बिड्यांचा कट्टा होतो, पण मजुरी मोजली जाते ती हजारावर. वर तपासणाऱ्याने जी बिडी नापास केली ती 'छाट'. तिचा दाम वळणारीच्या पदरात पडत नाही. उन्हाळ्यात जंगलात जाऊन पान तोडणारीही तीच आणि एरवी सूप घेऊन बसणारीही तीच. १९६६ साली बिडी कामगारांसाठी कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधी आला. बिड्यांवरच्या उपकरातून जमणाऱ्या त्या निधीतून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. २०१७ साली जीएसटी आला आणि तो उपकर गेला.

म्हणजे गोंदियाच्या कॉलेजांच्या भिंतींत दोन प्रकारचे दान आहे. एक पाटीवर लिहिलेले. दुसरे या बायांच्या बोटांनी हजारा-हजाराने दिलेले, ज्याला कोणी दान म्हटले नाही. बिडी वळणारीची मुलगी आज बी.एड.ला प्रवेश घेते तेव्हा तिच्यावर कोणी उपकार करत नसते. आईचा पैसा वर जाऊन फिरून तिच्यापर्यंत येतो, एवढेच. कोणत्याही नव्या दात्याने ही जाणीव ठेवूनच खिशात हात घालावा.

इमारत, व्याज आणि माणूस

दान देण्याच्या तीन तऱ्हा आपल्याकडे आधीपासून दिसतात. पहिली इमारतीची. कामठीचे डी. लक्ष्मीनारायण मँगनीजच्या खाणींचे मालक. १९३० साली त्यांनी मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला सुमारे ३५ लाख रुपये ठेवले. त्यातून लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली ती १९४२ साली, आणि २०२३ मध्ये तिचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. दाता गेल्यावर त्याचा पैसा बारा वर्षे थांबला आणि मग त्याने नव्वदीपार मजल मारली. विदर्भाच्या मातीतून निघालेला पैसा विदर्भातच जिरला, याचा हा मोठा दाखला.

दुसरी तऱ्हा व्याजाची. धोंडो केशव कर्वे १९१६ साली महिला विद्यापीठ काढून बसले आणि वर्गणीसाठी दारोदार हिंडत राहिले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आई नाथीबाईंच्या नावाने १५ लाखांची देणगी जाहीर केली. सगळी रक्कम एकदम हाती आली नाही. विद्यापीठाला दरसाल ५२,५०० रुपये व्याज मिळत राहील अशी ती व्यवस्था होती. व्याजावर जगणाऱ्या संस्थेला एक शिस्त लागते: यंदा जे खर्च होईल ते पुढच्या वर्षीही मिळाले पाहिजे.

तिसरी तऱ्हा माणसाची. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला न्यूयॉर्कला शिकायला पाठवले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. त्या रकमेतून कुठलीही इमारत झाली नाही. जे झाले ते देशाच्या राज्यघटनेत वाचायला मिळते. आंबेडकर ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच्या रस्त्यापलीकडे टीचर्स कॉलेज आहे. १८८७ साली ग्रेस डॉज नावाच्या सधन घरातल्या बाईच्या पुढाकाराने ते सुरू झाले आणि त्याच्या जागेसाठी जॉर्ज व्हँडरबिल्टने पैसे दिले. जगातल्या एका नामांकित शिक्षक-महाविद्यालयाची सुरुवातही अशी धर्मादाय पैशावरच झाली.

साताऱ्यात भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या पोरांना दाणापाणी नव्हते तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. तेही माणसासाठीच दिलेले दान होते, आणि अगदी त्या दिवसाच्या भाकरीसाठी.

गोंदियात पहिली तऱ्हा भरपूर झाली. बी.एड. कॉलेजला मात्र दुसरी आणि तिसरी हवी, आणि त्याचे कारण त्या अभ्यासक्रमाच्या रचनेतच आहे.

बी.एड. कॉलेज कशावर चालते

बी.एड.चे नियम राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद, म्हणजे एनसीटीई, ठरवते. २०१४ च्या नियमावलीने एका वर्षाचा हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला आणि २०१५-१६ पासून तो लागू झाला. पन्नास विद्यार्थ्यांचे एक युनिट, दोन युनिटांसाठी प्राचार्य धरून सोळा अध्यापक. जागा किती, बांधकाम किती, ग्रंथालय कसे, सगळे मोजून दिलेले. शिवाय संस्थेने प्रत्येक युनिटमागे पाच लाखांचा स्थायी निधी आणि सात लाखांचा राखीव निधी मुदत ठेवीत अडकवून ठेवायचा. म्हणजे मांडव उभा राहायच्या आधीच बारा लाख बाजूला. हा पैसा संस्थेच्या नावावर असतो, पण त्याला हात लावायची सोय नसते.

अनुदानित कॉलेजच्या मान्य पदांचा पगार सरकार देते. पण पदे रिकामी राहतात आणि त्या जागी तासिका तत्त्वावर माणसे येतात. २००१ नंतर राज्यात नवी कॉलेजे निघाली ती कायम विनाअनुदानित. तिथे पगार फीमधूनच काढायचा, आणि फी किती घ्यायची ते शुल्क नियामक प्राधिकरण ठरवणार. बी.एड.ला येणारी मुले बहुतांश शिष्यवृत्ती किंवा फी-सवलतीची. ते पैसे महाडीबीटी पोर्टलवरून येतात आणि ते वेळेवर येत नाहीत ही राज्यभरची जुनी ओरड आहे. कागदावर फी जमा आणि हातात खडू घ्यायलाही पैसे नाहीत, अशी अवस्था विनाअनुदानित कॉलेजच्या कारकुनाला तोंडपाठ असते.

वर धोरणाची टांगती तलवार. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही असा निकाल दिला. बी.एड. करून पहिली ते पाचवीला लागण्याची वाट बंद झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता करायचे ठरवले आहे आणि एकट्या-दुकट्या बी.एड. कॉलेजांनी बहुविद्याशाखीय व्हावे असे म्हटले आहे. गोंदियासारख्या ठिकाणी, जिथे एकाच संस्थेची विज्ञान, कला आणि वाणिज्य कॉलेजे त्याच गावात आहेत, तिथे हे जुळवणे शक्य आहे. तालुक्याच्या गावी एकटे उभे असलेले बी.एड. कॉलेज काय करणार?

या सगळ्यात देणगीदाराला एकच गोष्ट आकर्षित करते: इमारत. तिचे उद्घाटन होते, फोटो निघतो, कोनशिला बसते. पण वरच्या यादीतली एकही अडचण इमारतीने सुटत नाही.

वीस आठवडे

बी.एड.च्या दोन वर्षांत वीस आठवडे शाळेत काढायचे असतात, पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. कोणी त्याला इंटर्नशिप म्हणते, कोणी छात्रसेवाकाल. कॉलेजात सूक्ष्म अध्यापन झालेले असते, म्हणजे सहा-सात मिनिटांचा पाठ आपल्याच वर्गमित्रांसमोर घ्यायचा आणि त्यांनी नववीची मुले असल्याचे सोंग करायचे. इंटर्नशिपमध्ये सोंग संपते. समोर खरी नववी असते.

सराव पाठाचा दिवस साधारण असा जातो. आदल्या रात्री पाठ टाचण लिहिलेले असते: उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, अध्यापक कृती, विद्यार्थी कृती, फलक लेखन. कार्डशीटवर तक्ता काढलेला असतो, विज्ञानाची मेथड असेल तर आरसा, मेणबत्ती, भिंग पिशवीत भरलेले असते. हा सगळा खर्च प्रशिक्षणार्थ्याचा. सकाळी एसटी गाठायची. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे आहे, पण गाडी असेल तर ना! नाहीतर काळीपिवळी, आणि तिला सवलत नाही. तक्त्याची सुरळी गर्दीत चुरगळू नये म्हणून हात वर करून उभे राहायचे. वर्गात शेवटच्या बाकावर मार्गदर्शक अध्यापक वही उघडून बसतात. तास संपल्यावर त्या वहीत दोन-चार ओळी उमटतात: प्रश्न चांगले, पण उत्तर यायला वेळ दिला नाही. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. मागच्या रांगेकडे लक्ष नव्हते.

या दोन-चार ओळी हेच बी.एड. कॉलेजचे खरे उत्पादन. त्यासाठी मार्गदर्शकाला शाळाशाळांत फिरावे लागते, आणि प्रशिक्षणार्थी रोज हजर राहावा लागतो. जिथे मार्गदर्शक फिरत नाही, तिथे वह्या एका बैठकीत भरून होतात आणि वीस आठवडे कागदावर पार पडतात. दोष फक्त माणसाचा नसतो. तासिकेवरच्या अध्यापकाला फिरतीचा पैसा कोणी देत नाही.

आणि प्रशिक्षणार्थी तरी कोण आहे? गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. तालुके आठ, त्यांतले सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव जंगलपट्ट्यातले. देवरीला आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे, त्याखाली आश्रमशाळा आहेत. घरात कुठे गोंडी, कुठे पोवारी, कुठे छत्तीसगढी बोलली जाते, आणि पुस्तक मराठीत. अशा वर्गात विज्ञान शिकवायला सर्वांत लायक कोण, तर त्याच पट्ट्यातली, घरची बोली आणि मराठी दोन्ही तोंडात असलेली मुलगी. नेमका तिलाच हा अभ्यासक्रम सर्वांत महाग पडतो. रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत तिच्या घरी एक मजुरी कमी येते. वैद्यकीय इंटर्नला विद्यावेतन मिळते. हिला वीस आठवडे पूर्ण वेळ शाळेत राबून एक रुपयाही मिळत नाही. फी-सवलतीने तिची फी भागते, पण गाडीभाडे, कार्डशीट, खोलीभाडे आणि बुडालेली मजुरी भागत नाही.

दानाची जागा इथे आहे. या वीस आठवड्यांत.

देणारे कोण

'त्या संस्थेला काय कमी आहे?' बड्या घराण्याच्या, त्यातून राजकारणातल्या घराण्याच्या संस्थेसाठी मदत मागितली की हा प्रश्न येतोच, आणि तो गैर नाही. संस्था संपन्न असू शकते. तिच्या वर्गातली मुलगी संपन्न नसते. म्हणून देणगी संस्थेच्या सामान्य खात्यात टाकण्याऐवजी विशिष्ट कामासाठी बांधून द्यावी. दुसरा संशय प्रवेशाच्या वेळी मागितल्या जाणाऱ्या पैशांमुळे पडलेला आहे. महाराष्ट्रात १९८७ सालीच कायद्याने कॅपिटेशन फीवर बंदी आली. प्रवेशाच्या बदल्यात जे द्यावे लागते ती देणगी नव्हे. स्वखुशीने, मोबदला न घेता दिले तीच देणगी, आणि तिच्या पावतीत लपवण्यासारखे काही नसते.

मोठे दाते आहेत. तिरोड्याला अदानींचा ३,३०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात, आणि शिक्षण त्या यादीत आहे. पण हा पैसा बहुधा शाळेतल्या मुलांपर्यंत जातो, डिजिटल वर्ग आणि दप्तरांच्या रूपाने. शाळेत उद्या उभा राहणारा शिक्षक त्या नजरेत येत नाही, कारण त्याच्यावर केलेल्या खर्चाचे फळ अहवालाच्या वर्षात दिसत नाही.

याच जिल्ह्यात वेगळा विचारही झाला आहे. आमगावचे लक्ष्मणराव मानकर, लोकांचे मानकर गुरुजी, १९७७ साली भंडाऱ्यातून लोकसभेवर गेले. आमगावच्या भवभूती महाविद्यालयाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. त्यांच्या स्मृतीसाठी निघालेली संस्था विदर्भाच्या आदिवासी भागात एकशिक्षकी शाळा चालवते. अशा शाळेला इमारत लागत नाही. समाजमंदिर, ओटा, झाड, काहीही चालते. वर्गणीतून मुख्य खर्च होतो तो शिकवणाऱ्याच्या मानधनावर. एका मास्तराच्या आठवणीसाठी दुसरा मास्तर उभा करायचा, ही कल्पना बी.एड. कॉलेजला तंतोतंत लागू पडते.

म्हणून या कॉलेजचे स्वाभाविक दाते म्हणजे त्याचे माजी विद्यार्थी, जिल्ह्यातल्या शाळाशाळांत विखुरलेले शिक्षक. एकेकटे ते मोठे देऊ शकत नाहीत, पण ते संख्येने पुष्कळ आहेत आणि दर महिन्याला पगार घेणारे आहेत. हिशेब मांडून पाहू. समजा दोनशे शिक्षकांनी महिना पाचशे रुपये दिले. महिन्याला एक लाख, वर्षाला बारा लाख. सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाचे व्याज ८४,००० रुपये. वीस आठवडे म्हणजे साधारण पाच महिने. महिना हजार रुपयांचे विद्यावेतन धरले तर सोळा प्रशिक्षणार्थ्यांचा छात्रसेवाकाल निघतो आणि चार हजार मार्गदर्शकाच्या फिरतीला उरतात. एका वर्षाच्या वर्गणीतून दर वर्षी सोळा मुली, आणि मुद्दल शाबूत. कर्व्यांच्या विद्यापीठाला दरसाल व्याज मिळत होते त्याचीच ही लहान आवृत्ती.

पावतीवर काय लिहायचे

बेत चांगला असला तरी बारीक गोष्टींत फसतो, म्हणून त्याही सांगायला हव्यात. धर्मादाय संस्थेला मिळालेली साधी देणगी हे त्या वर्षाचे उत्पन्न मानले जाते आणि आयकराच्या नियमाप्रमाणे उत्पन्नाचा ८५ टक्के भाग खर्चावा लागतो. 'कायम निधीसाठी' असे दात्याने लेखी कळवले तरच ती रक्कम मुद्दल म्हणून ठेवता येते, आणि तीही कायद्याने मान्य केलेल्या ठिकाणीच गुंतवावी लागते. त्यामुळे पावतीवर नुसते 'देणगी' लिहून भागत नाही. 'कायम निधी, व्याजातून छात्रसेवाकाल विद्यावेतन' एवढे शब्द दात्याच्या पत्रात आणि पावतीवर, दोन्हीकडे हवेत.

८०जी खाली सवलत हवी असेल तर दोन हजारांवरची रक्कम रोखीने देऊ नये. संस्थेने दात्याचा पॅन घेऊन वार्षिक विवरण भरावे आणि दात्याला १०बीई प्रमाणपत्र द्यावे. मात्र नवी कररचना निवडलेल्या पगारदाराला ही सवलत मिळत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. नंतर मन खट्टू होत नाही. सार्वजनिक न्यासाचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात, तेव्हा ते मागून वाचायला दात्याने संकोच करू नये. निवड समितीत माजी विद्यार्थी शिक्षक असावेत. कोणाला विद्यावेतन मिळाले याचा फलक लावू नये, किती जणांना मिळाले आणि कोणत्या तालुक्यांत त्यांचे पाठ झाले हे जरूर छापावे. मुलीच्या गरिबीची जाहिरात करून मिळालेली मदत तिला वर्गात ताठ उभे राहू देत नाही.

गोंदियाने पाट्या पुष्कळ लावल्या आणि त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. त्या भिंती नसत्या तर बी.एड.चा विचारही इथे कोणी केला नसता. पण भिंती उभारणाऱ्यांचे काम पुरे झाले आहे. आता जे उरले आहे ते शिक्षकांनी शिक्षकांसाठी करायचे काम आहे. ते कोणा शेटजींची वाट पाहत पडून राहिले तर पडूनच राहील. पहिल्या पगाराच्या महिन्यात पाचशे रुपयांचा स्थायी आदेश बँकेत देऊन टाकणाऱ्या नव्या शिक्षकाला सभागृहाला नाव मिळणार नाही, कोनशिलाही नाही. पण त्याच्या मागून येणाऱ्या कुणाचा तरी सोळाव्या आठवड्यातला पाठ गाडीभाड्यापायी बुडणार नाही, आणि शिक्षक तिथेच तयार होतो.